मिहिकाच्या नावावरची पाटी

अस्वल सगळ्यात आधी गेलं.

शर्वरीच्या ते लक्षात आलं एका मंगळवारी दुपारी, मिहिकाला मांडीवर घेऊन पाटी चाळत बसली होती तेव्हा. वाचनालयातून घरी आणलेल्या त्या पडद्याच्या पाटीवर रोज बारा चौकटी उगवायच्या. सिनेमे, गाणी, पुस्तकं, सगळं एकत्र. चाळायचं, वाटलं तर उघडायचं, नाही तर बोट सरकवून पुढं जायचं. गेले सहा महिने त्या बारांत कुठं ना कुठं ते जाडं, आळशी अस्वल असायचंच. मधाच्या आशेनं पोस्टमनची नोकरी धरलेलं. चार वर्षांच्या मिहिकाला ते इतकं आवडायचं की जेवताना तीसुद्धा त्याच्यासारखी गुरगुरायची.

"मिहू, आपलं अस्वल कुठं गेलं गं?"

मिहिकानं मान वर केली. आईची हनुवटी दोन्ही हातांनी धरून स्वतःकडं वळवली आणि ओरडली, "ते आता येतच नाही!"

"अगं, केवढ्यानं! मी इथंच आहे ना."

पुढच्या आठवड्यात हत्ती गेला. मग गोष्टी सांगणारे ते खर्जातल्या आवाजाचे आजोबा गेले, मालगाडीचा माहितीपट गेला, पावसाळी ढगांचं गाणं गेलं. त्यांच्या जागी आल्या साळुंक्या, घुंगरं, बासरी, शाळकरी मुलींचं समूहगान. सगळं गोड होतं. दुसऱ्या कुणा आईच्या हे ध्यानातही आलं नसतं.

पण शर्वरी दुसरी कुणी आई नव्हती. मिहिका तान्ही असताना तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसणारी ही बाई. तापाचे आकडे, लसींच्या तारखा, कुठल्या भाजीनं पुरळ आलं, सगळं एका निळ्या वहीत. आई व्हायच्या आधी ती कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होती. नोकरी सुटली, नोंदी ठेवायची सवय सुटली नाही.

त्या दिवशी तिनं निळ्या वहीत लिहिलं: "अस्वल नाही. का?"

*

बार्शीत पोस्टामागच्या वाचनालयात पाट्या येऊन पाचेक वर्षं झाली होती. पुस्तकांची कपाटं अजून होती, पण त्यांच्या किल्ल्या कुणी मागत नसे. मोठ्यांना पाटी हवी तर वर्ष-दीड वर्षाची प्रतीक्षायादी. सहा वर्षांखालच्या मुलांना मात्र त्याच दिवशी मिळायची. म्हणून गावातल्या निम्म्या आया मुलांच्या नावावरच सिनेमे बघायच्या. शर्वरीही त्यातलीच. तिनं पाटी घेतली तेव्हा मिहिका आठ महिन्यांची होती आणि खांद्यावर लाळ गाळत झोपली होती.

"बाळाला एक मिनिट ह्या फुलपाखराकडं बघू द्या," ग्रंथपाल कुंदाताई बारबोले म्हणाल्या होत्या. "पाटी डोळे ओळखून घेते."

"उठवू?"

"छे हो, झोपलेलं लेकरू कशाला उठवता? तुम्हीच बघा. सगळ्या तेच करतात. नाव तिचं पडलं म्हणजे झालं."

शर्वरीनं मिनिटभर त्या पिवळ्या फुलपाखराचा नजरेनं पाठलाग केला होता, आणि पाटी मिहिकाची झाली होती.

पाटीच्या वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं एक भिंग होतं. समोरच्याची नजर कुठं थांबते, कुठून पळते, डोळ्याची बाहुली केव्हा रुंदावते हे ते भिंग टिपायचं. आता बाहुली काही फक्त अंधारात रुंदावत नाही. अवघड गणित सोडवताना रुंदावते, कुणाचं बोलणं नीट ऐकू येत नसलं की कान देताना रुंदावते. कष्ट पडले की रुंदावते, थोडक्यात. कानाचे डॉक्टर हे फार आधीपासून जाणून होते. पाटी बनवणाऱ्यांनी त्याचा आपल्या परीनं उपयोग केला. ज्यात कष्ट पडतात ते माणसाला नकोसं असतं, असं त्यांनी धरून टाकलं. कष्ट गोष्ट अवघड आहे म्हणून पडताहेत, भाषा परकी आहे म्हणून, की आणखी कशानं, याच्याशी पाटीला देणंघेणं नव्हतं. तांदळातला खडा वेचावा तशी ती ती वस्तू वेचून बाजूला टाकायची. वाचकाला वाटायचं, वा, काय ओळखते ही मला!

शर्वरीलाही तसंच वाटायचं. अस्वल जाईपर्यंत.

आता तिनं वाद्याचा सूर जुळवायचं एक साधं अ‍ॅप फोनवर उतरवून घेतलं. पाटीवर आलेल्या प्रत्येक गाण्यातला सगळ्यात खालचा सूर अ‍ॅपकडून मोजून घ्यायचा आणि आलेखावर ठिपका टाकायचा. मग तिनं सहा आठवड्यांचे ठिपके जोडले. रेघ वर चढत होती. खालचे सूर एकेक करून संपत होते. विहीर आटते तेव्हा पाणी तळाशी उरतं. ही विहीर तळापासून वर आटत होती.

म्हणजे मिहिकाला जाडे आवाज ऐकू येईनासे झाले होते. आणि पाटीला ते कळलं होतं.

एकदा ही शंका आल्यावर काय, पुरावे हात जोडून उभेच होते. मिहिका ओरडून बोलते. बोलताना हातवारे फार करते. आधी हनुवटी धरते, आईनं आपल्याकडं बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही. आतल्या खोलीतून हाक मारली तर उत्तर देत नाही. थोड्या वेळानं स्वतःच धावत येऊन समोर उभी राहते, तीही रागावून. कमी ऐकू येणाऱ्या मुलांबद्दल शर्वरीनं जे काही वाचलं होतं त्यातलं एकूण एक लक्षण तिच्या पुढ्यात भातुकली मांडून बसलं होतं.

*

"काहीतरीच तुझं," शंतनू म्हणाला. निदान तसं काहीतरी म्हणाला.

"काय?"

तो पुन्हा काहीतरी बोलला.

"तोंडातल्या तोंडात काय बोलतोस रे? नीट सांग की."

"मी? मी तोंडातल्या तोंडात?" आता त्यानं आवाज चढवला. "तूच हल्ली देवापुढं जप केल्यासारखी पुटपुटतेस. कान नेऊन लावावा लागतो तुझ्या तोंडाला."

शंतनू द्राक्षांच्या शीतगृहात तापमान सांभाळायच्या कामावर होता. धिप्पाड माणूस, ढोलासारखा आवाज. कॉलेजात त्या आवाजावरच तर शर्वरी भाळली होती. पण वर्षभरात तो घरी आला की मिटायला लागला होता. ती पोळ्या लाटायची, तो मागं स्टुलावर बसायचा, आणि मध्ये नुसती शांतता. गंमत म्हणजे रविवारी गिरणीत दळण टाकायला जोडीनं गेले की हाच माणूस खुलायचा. चक्कीच्या घरघरीत उभा राहून आठवड्याच्या सगळ्या गोष्टी सांगायचा: कुठल्या व्यापाऱ्यानं कुणाला कसं गंडवलं, मॅनेजरचा टोप वाऱ्यानं कसा उडाला. शर्वरी हसून हसून पिठानं पांढरी होऊन घरी यायची. दार लावलं की पुन्हा शांतता. हा माणूस चारचौघांत माझ्याशी बोलतो आणि घरात बोलत नाही, याचा अर्थ काय लावायचा? तो प्रश्न तिनं निळ्या वहीत लिहिला नव्हता. लिहायची भीती वाटत होती.

मिहिकाला त्यांनी सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉ. हिरेमठ पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी मिहिकाला काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की हात वर करायला सांगितलं. मिहिकानं इतक्यांदा हात वर केला की डॉक्टरांनाच हसू आलं.

"उत्तम आहेत कान. तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले."

"खालचे सूरसुद्धा?"

"सगळे."

"पण पाटी—" शर्वरीनं आलेख पुढं केला.

डॉक्टरांनी तो कौतुकानं बघितला, उलटा धरून बघितला आणि परत दिला. "महिनाभरानं पुन्हा बघू हवं तर. तुमच्या समाधानासाठी."

महिन्यानं पुन्हा तेच झालं. परतीच्या एसटीत मिहिका बाबाच्या मांडीवर झोपली. खिडक्या खडखडत होत्या, इंजिन दणदणत होतं, आणि त्या गदारोळात शंतनूचा शब्द न् शब्द शर्वरीला स्वच्छ ऐकू आला.

"तिच्या कानात काही नाहीये, शर्वरी. तुझ्या डोक्यात आहे. किती दिवस त्या लेकराला काचेच्या खोलीत बसवणार आहेस?"

तिनं पिशवीतून आलेख काढून पुन्हा उलगडला. मशीन चुकत असेल, डॉक्टर चुकत असतील. पाटी रोज, दिवसाचे दोन तास, इतक्या जवळून बघते. ती कशी चुकेल?

*

"पाटीला रोग कळत नाही हो," कुंदाताई म्हणाल्या. वाचनालयात दुपारी कुणी नव्हतं. पंखा फिरत होता, त्या पावत्यांच्या गठ्ठ्यावर पेपरवेट ठेवून डबा खात होत्या. "बसा. चटणी घ्या थोडी, जवसाची आहे."

शर्वरीनं घास घेतला. खाताना तिला हल्ली दुसऱ्याचं बोलणं मुळीच समजत नसे, डोक्यात नुसता चावण्याचा आवाज भरायचा. तिनं घास गिळला आणि म्हणाली, "पुन्हा सांगा ना."

"म्हटलं, पाटीला रोग कळत नाही. पण..." त्यांनी दाराकडं बघितलं. "भातंबरेकर सर आठवतात? चित्रकलेचे. रोज संध्याकाळी इथं येऊन पाटी चाळायचे. मी परत घेताना सहज बघायची, आज सरांना काय आलंय. गेल्या वर्षी त्यांच्या बारा चौकटी अशा काही यायला लागल्या की डावीकडं काहीच नाही. नुसतं आकाश, नाही तर भिंत, नाही तर पाणी. माणसं, घरं, झाडं, सगळं उजव्या अर्ध्यात. सिनेमेसुद्धा तसलेच. मला वाटलं, कलावंत माणूस, असेल आवड."

"मग?"

"चार महिन्यांनी सर स्कूटरवरून डाव्या हाताला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर आदळले. वाचले, पण दवाखान्यात कळलं, डोक्यात गाठ आहे. डावीकडचं दिसत नव्हतं त्यांना. आणि ऐका, दिसत नव्हतं हे त्यांनाही माहीत नव्हतं."

पंख्याची पाती फिरताना दिसत होती. शर्वरी पुढं सरकली.

"म्हणजे पाटीला माहीत होतं."

"तिला कसलं माहीत? डावीकडं बघायला त्यांना कष्ट पडत होते. तिनं कष्ट वेचले. इतकंच तिचं काम."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

कुंदाताईंनी डबा बंद केला. "वाचकाची निवड उघड करायची नाही असं आमच्याकडून लिहून घेतलंय. आणि बोलायचं तरी काय? सर, तुमच्या चित्रांत डावीकडं माणसं नाहीत, असं?" त्यांनी पावत्यांवरचं पेपरवेट सरकवलं. "तेव्हापासून मी परत आलेल्या पाट्या बघत नाही. उलट्या ठेवते."

शर्वरीनं मिहिकाची पाटी टेबलावर ठेवली. "हिनं जे वेचून टाकलं ते कुठं जातं?"

"जाणार कुठं? मागच्या कप्प्यात असतं सगळं. उघडून देते की. पण आजवर कुणी मागितलं नाही हो, तुम्ही पहिल्याच."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरीनं बैठकीच्या खोलीत तयारी केली ती प्रयोगशाळेत करायची तशीच. खिडक्या बंद. पंखा बंद. मिहिका तिच्याकडं पाठ करून जमिनीवर चित्र रंगवत बसलेली, म्हणजे तिला पडदा दिसणार नाही. पाटी शर्वरीच्या मांडीवर. आवाज दहांपैकी दोनवर. इतका कमी, की चांगल्या कानाला यावा आणि अधू कानाला येऊ नये.

मागच्या कप्प्यात पावणेतीनशे गोष्टी होत्या. हे सगळं कधी गेलं? तिनं पहिलं उघडलं: ढोलांचं एक पथक, वीस जणांचं.

पडद्यावर टिपऱ्या ढोलांवर आपटल्या. आवाजाच्या पट्ट्या खालीवर नाचू लागल्या. आवाज मात्र आला नाही.

बिघडलंय काहीतरी, शर्वरीला वाटलं. तिनं बंद करायला बोट उचललं, आणि तेवढ्यात मिहिकाच्या हातातला खडू थांबला.

मिहिकाची टाच हलली. एकदा, दोनदा. मग खांदे. मग ती उठली, आणि त्या कडेकोट शांत खोलीत, आईकडं पाठ करून, नाचू लागली. तिची पावलं जमिनीवर पडत होती ती बरोबर पट्ट्या वर उसळताना. एकही चुकत नव्हती.

शर्वरीनं पाटी थांबवली. मिहिका थांबली.

तिनं पाटी चालू केली. मिहिका नाचू लागली.

शर्वरीनं पाटीच्या पाठीवर तळवा टेकवला. आत काहीतरी धडधडत होतं, चिमणी मुठीत धरल्यावर तिची छाती धडधडते तसं. तिनं आवाज तीन केला, चार केला, पाचावर नेला. तेव्हा कुठं टिपऱ्यांचा कोरडा टक्-टक् ऐकू आला, दूर कुणी खिडकीवर नख मारावं तसा. ढोल नव्हताच. नुसता टक्-टक्. आणि मिहिका कानांवर हात ठेवून वळली होती आणि तिचं तोंड मोठं उघडत होतं. ओरडत होती ती: आई, केवढ्यानं लावलंस!

शर्वरीनं अस्वल लावलं. मिहिका दात विचकून गुरगुरायला लागली. पडद्यावरचं अस्वल पत्रं वाटत मुकं चाललं होतं. तिनं आजोबा लावले. "आज्जोबा!" मिहिका येऊन पाटीपुढं फतकल मारून बसली, आणि आजोबांचे ओठ हलत राहिले, हलत राहिले. पोरगी योग्य जागी हसत होती.

पिवळं फुलपाखरू. साडेतीन वर्षांपूर्वी खांद्यावर झोपलेली मुलगी, आणि फुलपाखराचा पाठलाग करणारे डोळे.

पाटीला मिहिकाचे डोळे माहीतच नव्हते. मांडीवरच्या पोरीच्या डोक्यावरून ती आजवर एकाच माणसाकडं बघत आली होती.

मिहिका अचानक दाराकडं धावली. शर्वरीला काही ऐकू आलं नव्हतं. दार उघडलं तर शंतनू, हातात पिशवी, ओठ हलताहेत.

शर्वरी थेट स्वयंपाकघरात गेली. रिकाम्या मिक्सरचं बटण फिरवलं. भांडं कर्कश खडखडायला लागलं.

"आता बोल," ती म्हणाली.

"अगं काय बोल? रिकामा मिक्सर कशाला लावलायस? जळेल ना मोटर!" शंतनू त्या आवाजावर ओरडला. एकेक शब्द आला. जाडा, भरदार, कॉलेजातल्यासारखा.

"अजून बोल."

"शर्वरी, काय झालंय? रडतेस का?"

"मला वाटायचं तू घरात माझ्याशी बोलत नाहीस," ती म्हणाली. "वर्षभर मला तसंच वाटत होतं."

शंतनूचा हात बटणाकडं गेला. तिनं तो धरला. "नको. चालू राहू दे. थोडा वेळ."

*

डॉ. हिरेमठांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून तिच्या कानाजवळ धरला. शर्वरीनं मान हलवली; काही नाही. मग त्यांनी त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि सगळं डोकं घंटेसारखं घुमलं. वर्गात पोरांना हाच काटा तिनं किती वेळा दाखवला होता.

"कानात घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं," डॉक्टर कागदावर काढून दाखवत, तोंड तिच्याकडं ठेवून सांगू लागल्या. "शरीरातलं सगळ्यात लहान. पडद्याची थरथर ते आत पोचवतं. तुमचं हे हाड कडेनं घट्ट बसत चाललंय, गंजलेल्या बिजागरीसारखं. दोन्ही कानांत. जाडे सूर आधी जातात. काहीजणींचं बाळंतपणानंतर वाढतं. स्वतःचा आवाज मात्र हाडातून येतो, तो मोठा वाटतो, म्हणून माणूस हळू बोलायला लागतं. आणि गोंगाटात बरं ऐकू येतं, कारण समोरचे ओरडून बोलतात. गिरणीत, एसटीत, असं काही?"

शंतनूनं डोक्याला हात लावला.

"शस्त्रक्रिया होते," डॉक्टर म्हणाल्या. "आधी एक कान. बहुतेकांना चांगला फरक पडतो. पण एक सांगू? अशा बायका हल्ली आमच्याकडं फार उशिरा येतात. पूर्वी रेडिओवरचं गाणं नीट ऐकू आलं नाही की माणूस दचकायचा. आता ऐकू न येणारं गाणं समोर येतच नाही."

"आणि मिहिका?" शर्वरीनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "घराण्यात चालतं हे. आईकडून येण्याची शक्यता निम्मी धरा, आणि आलं तरी प्रत्येकीला त्रास होतोच असं नाही. झालाच तर विशी-तिशीत. लहानपणी क्वचितच."

क्वचितच. हा शब्द शर्वरीनं त्यांच्या ओठांवरून वाचला. निळ्या वहीत लिहिला नाही, पण तो जिथं जाऊन बसायचा तिथं बसला.

*

शस्त्रक्रियेच्या पंधरा दिवस आधी ती मिहिकाला घेऊन वाचनालयात गेली. कुंदाताईंनी जुनं सगळं पुसून पाटी कोरी केली. फुलपाखरू उडालं. मिहिका खुर्चीवर ताठ बसून, श्वास रोखून, मिनिटभर त्याच्याकडं बघत राहिली. या वेळी शर्वरी भिंतीकडं तोंड करून उभी होती.

आठ दिवस पाटी फक्त मिहिकानं चाळली. आई खोलीतसुद्धा थांबायची नाही. नवव्या दिवशी दोघी पाटी घेऊन कुंदाताईंपुढं बसल्या.

"बघू बघू, आमच्या बाईसाहेबांना काय आवडतं ते!" कुंदाताईंनी पाटी उजेडात धरली. अस्वल परत आलं होतं, पहिल्याच चौकटीत. ढोल होते. आजोबा होते. शर्वरीचा जीव भांड्यात पडत होता तोच कुंदाताईंचं बोट थांबलं.

बारांतल्या पाच चौकटी वेगळ्या होत्या. एक सिनेमा, ज्यात कुणीच बोलत नाही. हातांच्या खुणांची गाणी, दोन. तोंडं मोठी मोठी काढलेलं चित्रांचं पुस्तक. आणखी एक सिनेमा, शब्दांशिवायचा.

कुंदाताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या काहीतरी म्हणाल्या, खाली बघून.

"माझ्याकडं बघून बोला, ताई."

"म्हटलं... ही निवड मी ओळखते. ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांच्या पाट्यांवर येते ही."

क्वचितच, शर्वरीच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं. पाटीला काही माहीत नसतं. पाटी फक्त कष्ट वेचते. भातंबरेकर सरांनाही ठाऊक नव्हतं.

मिहिका केव्हाच उठून बालविभागातल्या खिडकीशी गेली होती. काचेवर वाफ सोडून बोटानं अस्वल काढत होती. पाठ इकडं. शर्वरी चपला काढून तिच्या मागं गेली, दहा पावलांवर थांबली. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि तिला कळेना की आपला आवाज किती मोठा आहे. आतून तो तिला कायमच मोठा वाटायचा. म्हणून तिनं नुसता श्वास सोडला, ओठांना आकार दिला. तो आवाज होता की नव्हता, हेही तिला सांगता आलं नसतं.

"मिहू."

मिहिका हलली नाही. काचेवर अस्वलाला दुसरा कान काढत राहिली.

"मिहू."

पोरीची वेणी किंचित हलली. पण वळली नाही ती. तिथंच, फरशीवर, शर्वरी खाली बसली. मागं कुंदाताईंनी पाटी उलटी करून ठेवली.

मग मिहिका वळली. आई जमिनीवर बसलेली बघून तिच्या कपाळाला आठी पडली. ती तरातरा चालत आली, ओल्या बोटांनी आईची हनुवटी धरली, चेहरा स्वतःकडं वळवला आणि मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"'काय?' म्हटलं ना मी! दोन्ही वेळा म्हटलं!"

म्हणजे वेणी हलली होती ती उत्तर देताना.

"आणि ते मुके सिनेमे," शर्वरीनं विचारलं, "ते कशाला बघतेस तू?"

"ते तुझ्यासाठी शोधते," मिहिका म्हणाली. "आपल्याला दोघींना बघता येतील असले कुठले ते. बाबा म्हणाले तुझा कान दुरुस्त होणारे. पण मला ते आधीपासूनच माहितीये."

"काय माहितीये?"

"तुला ऐकू येत नाही ते." मिहिकानं हनुवटी सोडली आणि आईच्या गालावरचं पाणी फ्रॉकनं पुसलं. "अस्वल गेलं ना, त्याच्याही आधीपासून."